आरोग्य-शंका: एलडीएल १०४ असले तरी कणांची तपासणी करावी का?

प्रश्न: मी ४६ वर्षांचा असून सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. वडिलांना ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. माझे एकूण कोलेस्टेरॉल १८६, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २४० आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०४ आहे. घरच्यांच्या मते काळजीचे कारण नाही. प्रयोगशाळेने मात्र रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांची मोजणी करणारा महागडा तपासणी-संच सुचवला आहे. तो करावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: संपूर्ण संचाची गरज नाही, मात्र दोन चाचण्या आपण अवश्य कराव्यात. आपले १०४ हे एलडीएल बहुधा मोजलेले नसून, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढलेले आहे. शिवाय ट्रायग्लिसराइड वाढले की एलडीएलचे कण लहान होतात आणि प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी मावते, त्यामुळे तेवढ्याच कोलेस्टेरॉलमागे कणांची संख्या मात्र जास्त असू शकते. लासलगावच्या बाजारात कांद्याचे एकूण वजन तेच असले, तरी तो लहान ट्रॉल्यांतून आला तर रस्ता अधिक तुंबतो, तसाच हा प्रकार आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतो तो कण, आणि अशा प्रत्येक कणावर अपोलिपोप्रोटीन-बी हे प्रथिन एकच असते. म्हणून ‘अपो-बी’ची चाचणी म्हणजे कणांचीच मोजणी होय. २०१९च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते मध्यम धोक्याच्या व्यक्तीत १००, अधिक धोक्याच्या व्यक्तीत ८० आणि अतिधोक्याच्या व्यक्तीत ६५ मिलिग्रॅमच्या खाली असावे.

तोवर एक फुकटचे गणित करून पाहा, जे अहवाल हातात असूनही फारसे कोणी करत नाही: १८६ वजा ३४, म्हणजे १५२. हे एचडीएलखेरीजचे कोलेस्टेरॉल मध्यम धोक्यासाठीही १३०च्या खाली हवे, तेव्हा ‘काळजी नको’ हे मत मला मान्य नाही.

दुसरी चाचणी लायपोप्रोटीन-ए ची, म्हणजे एलडीएलसारख्याच आणखी एका कोलेस्टेरॉलवाहू कणाची. त्याचे प्रमाण मुख्यतः अनुवंशाने ठरते व आहाराने फारसे बदलत नाही, म्हणून ती बहुधा आयुष्यात एकदाच पुरते. वडिलांचा इतिहास पाहता ती टाळू नये; ५० मिलिग्रॅमहून अधिक आल्यास भावंडांची व मुलांचीही करावी. कणांचा आकार मोजणाऱ्या चाचणीने अपो-बी कळल्यावर उपचारांत सहसा फरक पडत नाही. साखरेची तपासणी मात्र सोबत करा, आणि रक्तदाब व तंबाखूच्या सवयीची माहितीही डॉक्टरांना द्या. औषधाचा निर्णय ते या सर्वांवरून घेतील.