परसातली पाखरं: बाईंना विचारा

(गेल्या अंकात आमच्या सावईवेऱ्याच्या माड-पोफळीच्या कुळागरातल्या पाखरांवर लिहिलं, त्यानंतर बरीच पत्रं आली. एकाच मजकुराची पत्रं एकत्र करून त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देते आहे.)

पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. ऑनलाइन मागवलेला फीडर बाल्कनीत टांगला, त्यात बाजरी आणि तांदळाची कणी घालतो. महिना होत आला तरी कबुतरांशिवाय कोणी फिरकत नाही. समोरच्या झाडावर बुलबुल बसलेले दिसतात, पण इकडे येत नाहीत. जागा बदलू की दाणे?

दोन्ही राहू द्या, आधी फीडर उतरवा. बाजरी ठेवली की बाजरी खाणारेच येणार. आपल्याकडे घराभोवती रोज दिसणारी बहुतेक पाखरं दाण्याला तोंड लावत नाहीत. बुलबुल फळं आणि किडे खातो. दयाळ पालापाचोळ्यातले किडे उकरतो, शिंपी पानांखालच्या अळ्या टिपतो, तांबट आणि कुटुरगा फळांवर जगतात, शिंजीर फुलांतला मध आणि बारके कोळी खातो. दाण्यावर जगणारे म्हणजे चिमणी, मुनिया, सुगरण, होला, पोपट आणि कबूतर. यांतलं तिसऱ्या मजल्यावर, सिमेंटच्या कठड्यावर संसार थाटायला तयार असलेलं कोण, ते तुम्ही रोज बघताच आहात.

कबुतरांचा मला राग नाही, पण बाल्कनीत त्यांना वळण लावू नये. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते तुम्ही वाचलं असेलच. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर दाणे आजच बंद करा. दोन-तीन आठवडे कबुतरं येऊन बघतील, मग दुसरीकडे जातील.

आता बुलबुलाचं. त्याला बोलवायचं तर कुंडीतून बोलवा. एक जास्वंद, एक हॅमेलिया, आणि जागा असेल तर मोठ्या ड्रमात कढीपत्ता. कढीपत्त्याची काळी पिकली फळं बुलबुलांना आणि कोकिळांना फार आवडतात. मात्र आपण फोडणीसाठी शेंडे खुडत राहतो आणि मग झाडाला फुलोरा धरायची संधीच मिळत नाही. एक फांदी पाखरांची म्हणून सोडून द्या. तोवर ताटलीत अर्धं केळं किंवा पपईची फोड ठेवायला हरकत नाही. सकाळी ठेवा आणि उन्हं उतरायच्या आत उचला. रात्री फळ राहिलं की उंदीर येतो, आणि तळमजल्याचं घर असेल तर उंदरामागून कोण येतं हे गोव्यात कोणाला सांगायला नको.

पाव, शेव, फरसाण, लोणच्याचा भात यांतलं काही नको. मीठ पाखरांना झेपत नाही, आणि पावाने नुसतं पोट भरतं. शेंगदाणे घालणाऱ्यांनी मे संपला की हात आवरावा. आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष पाखरांच्या यकृतावर जातं.

आणि लिंबाच्या कुंडीत पानं कुरतडलेली दिसली की फवारणीची बाटली घेऊन धावू नका. ती अळी शिंप्याच्या पिल्लांचं जेवण आहे.

पेडण्याला आमचं जुनं घर आहे. अंगणात पाखरांसाठी पाण्याचं भांडं ठेवते. डेंगीच्या तपासणीला आलेली माणसं ते उलटं करून गेली आणि मलाच चार शब्द सुनावले. बाई, पाखरांना पाणी देणं चूक आहे का?

पाणी देणं चूक नाही, उलट सगळ्यांत मोलाचं तेच. पण ती माणसंही बरोबर होती. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि आपल्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून नवं भरलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ही मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून भांडं रोज रिकामं करायचं आणि नारळाच्या सोडणाने आतून कडेपर्यंत खसखसून घासायचं. साबण नको. दोन भांडी असतील तर एक उन्हात पालथं ठेवून आलटून पालटून वापरा. रोज जमणार नसेल तर भांडं ठेवूच नका, आणि हे मी अगदी मनापासून सांगते.

भांडं मातीचं पसरट हवं. आपल्याकडचं कुंडलें उत्तम. कडेला दोन-तीन सेंटिमीटर पाणी आणि मध्ये फार तर पाच. त्याहून खोल झालं तर लहान पाखरू उतरत नाही. खोल भांडंच हाताशी असेल तर मध्ये एक खरबरीत दगड ठेवा, पाण्याच्या वर डोकावणारा. स्टील आणि प्लास्टिक निसरडं असतं, उन्हात तापतंही. जागा सावलीतली, जवळ एखादी फांदी असलेली, पण दाट झुडपाला खेटून नको. मांजर तिथेच दबा धरून बसतं. झुडूप आणि पाणी यांच्यात सात-आठ फूट मोकळे ठेवा.

मग बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीत, चहा घेऊन बसा. लालगाल्या बुलबुल जोडीने येतात. एक कठड्यावर थांबतो, दुसरा पाण्यात छाती बुडवून पंख फडफडवतो, मग पाळी बदलते. दयाळ एकटा येतो आणि दुसरा दयाळ दिसला तर आंघोळ अर्धी टाकून त्याच्या मागे लागतो. कोतवाल भांड्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो तळीवर उडत येऊन पाण्याला छाती टेकवतो आणि तसाच वर निघून जातो. शिंजिराला मात्र भांडं परवडत नाही. सकाळी झाडांना पाणी घालताना केळीच्या पानावर थोडं शिंपडा. पानाच्या मधल्या पन्हाळीत पाणी साचतं, त्यात तो पालथा पडून घसरतो, पुन्हा वर चढतो आणि पुन्हा घसरतो. आमच्याकडे हे चालू असलं की शिंपणाऱ्यालाही थांबायला लावते मी.

जून ते सप्टेंबर भांडं पालथं घालून पडवीत ठेवून द्या. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या दिवसांत पाखरांना आपल्या पाण्याची गरज नसते. फेब्रुवारी ते मे मात्र एकही दिवस चुकवू नका.

म्हापशाहून: व्हिडिओत लाल प्लास्टिकच्या बाटलीतून साखरपाणी पिणारी इवली पाखरं पाहिली. आपल्या शिंजिरांसाठी तसं ठेवावं का? साखर किती, पाणी किती?

ती पाखरं हमिंगबर्ड. ती फक्त अमेरिका खंडांत असतात. आपला शिंजीर त्यांचा जवळचा नातेवाईकही नाही, दोघांची राहणी एकसारखी दिसते एवढंच. प्रमाण मी मुद्दाम देत नाही. आपल्या हवेत साखरपाणी दिवसभरात आंबतं, मुंग्या चढतात आणि बाटलीच्या तोंडाशी काळी बुरशी धरते. ती बाटली रोज उकळत्या पाण्याने धुणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

शिवाय शिंजिराची पिल्लं मधावर वाढत नाहीत. त्यांना कोळी आणि किडे लागतात, आणि ते झाडावर मिळतात, बाटलीत नाही. घरामागे चार केळी असतील तर बोंड, म्हणजे केळफूल, काढायची घाई करू नका. लालसर पाकळी उचलली गेली की खाली फुलांची फणी उघडी पडते. शिंजिराची मादी त्या पाकळीच्या कडेला उलटी लोंबकळून एकेका फुलात चोच घालत जाते. जास्वंदीवर ती वेगळीच युक्ती करते. फूल खोल असल्यामुळे समोरून न जाता देठाकडे बारीक भोक पाडून मध ओढते. परागीकरणाच्या दृष्टीने ही सरळ चोरी आहे. पण आपल्याला जास्वंदीचं बी कुठे हवंय?

बाल्कनीतल्या वायरीला किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीला कोळिष्टकं, सालीचे तुकडे, कचरा असं काही लोंबताना दिसलं तर झाडू मारण्याआधी नीट बघा. बाजूला भोक आणि त्यावर छोटंसं छप्पर असेल तर ते शिंजिराचं घरटं आहे. दोन आठवडे अंडी आणि जवळपास तेवढेच दिवस पिल्लं. तेवढा महिना कपडे दुसरीकडे वाळत घाला.

मी सहावीत आहे, साखळीला राहते. आमच्या पेरूखाली बुलबुलाचं पिल्लू पडलं होतं. त्याला उडता येत नव्हतं. मी त्याला बॉक्समध्ये ठेवून दूध-पाव दिला. आजी म्हणते माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते. खरं का?

नाही गं बाये, वासाचं खरं नाही. पाखरं पिल्लाला वासावरून टाकत नाहीत. आजीला सांग, रागावू नकोस म्हणावं.

असं पिल्लू पुन्हा दिसलं तर आधी त्याची पिसं बघ. अंगावर पिसं आली असतील, शेपटी आखूड असेल, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर निघालेलं आहे. बुलबुलाची पिल्लं नीट उडायला यायच्या आधीच घरटं सोडतात. आईबाप जवळच असतात आणि चोचीत किडा घेऊन तू कधी बाजूला होतेस याची वाट बघत असतात. त्याला हलकेच उचलून जवळच्या झुडपात उंचावर ठेव, घरातलं मांजर कोंड, आणि लांबून बघ. अंग उघडं असेल, डोळे मिटलेले असतील आणि घरटं दिसत असेल, तर परत घरट्यात ठेव. जखम असेल तर बाबांना वन खात्याला कळवायला सांग.

दूध कधीच नको. कोणतंही पाखरू पिल्लाला दूध पाजत नाही आणि त्यांना ते पचत नाही. चोचीत पाणीही ओतू नकोस, श्वासनळीत जातं. आणि पुढच्या वेळी पत्रात पिल्लाचं पुढे काय झालं तेही लिही.

वाळपईजवळ आमची बागायत आहे. पपई पिकली की धनेश येऊन पोखरतात. बाजारात नायलॉनची बारीक जाळी मिळते, ती झाडांवर टाकावी म्हणतो.

टाकू नका, हात जोडून सांगते. सैल नायलॉनच्या जाळीत पाखराचा पाय किंवा पंख अडकला की ते सुटायच्या धडपडीत आणखी गुंतत जातं. सकाळी तुम्हाला धनेशाबरोबर घुबड, वटवाघूळ आणि धामणही मेलेली सापडेल, आणि धामण गेली की उंदीर तुमची उरलेली पपई खातील. त्यापेक्षा रंग फिरायला लागलेलं एकेक फळ गोणपाटाच्या तुकड्यात बांधा, किंवा थोडं आधीच उतरवून घरात पिकवा. बाजारात नेणारे तसंही आधीच काढतात. झाडाच्या शेंड्याकडची एखाददुसरी राहू द्या.

तुमच्याकडे येतो तो बहुधा मलबारी राखी धनेश. हा पक्षी पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही, आणि 2020 पासून तो जागतिक यादीत संकटग्रस्तांत धरला जातो. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते, एक चीर तेवढी उघडी ठेवते. अंडी उबवण्यापासून पिल्लं वाढेपर्यंत सगळं अन्न नर त्या चिरेतून भरवतो. उंबर, वडाची फळं, जायफळाची पत्री, सरडे, मोठे किडे, जे मिळेल ते. तो एकदा मारला गेला की आतला सगळा संसार उपाशी राहतो. तेव्हा तुमच्या पपईवरचा नर उन्हाळ्याच्या दिवसांत एकटाच येत असेल आणि चोच भरून एकाच दिशेला उडत असेल, तर त्या दिशेचं जुनं ढोलीचं झाड यंदा तोडायला देऊ नका. फांद्या वाळल्या म्हणून लाकूडवाले तेच आधी मागतात.

मडगाव: शेजाऱ्यांनी पिंजऱ्यात पोपट पाळला आहे. त्याला रोज काय खायला द्यावं?

खायला देण्याआधी शेजाऱ्यांना सांगा की आपल्याकडचा कुठलाही रानपोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. मैनासुद्धा नाही पाळता येत. पिंजरा उघडूनही सोडू नका, वर्षानुवर्षं कोंडलेल्या पोपटाला बाहेर टिकाव धरता येत नाही. वन खात्याकडे सुपूर्द करायला सांगा.

डिचोली: चिमण्यांसाठी लाकडी खोकं करून घेतो आहे. मापं द्याल का?

भोक सव्वा इंचाचं, त्याहून मोठं नको. तळ सहा इंच चौरस आणि उंची आठ-नऊ इंच. तळाला पाणी निथळायला दोन-तीन बारीक छिद्रं, आणि छप्पर पुढे आलेलं. लावायचं ते आठ-दहा फुटांवर, वळचणीखाली, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला, कारण आपला पाऊस पश्चिमेकडून मारतो. आतून रंग किंवा व्हार्निश लावू नका. सुतार हौसेने भोकाखाली बसायला काठी ठोकतात, ती काढायला लावा. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र पिल्लं ओढायला बरी पडते. मंगळुरी कौलांचं घर असेल तर कौलांखालच्या फटी सिमेंटने बुजवू नका, खोक्यापेक्षा त्या चिमण्यांना जास्त पसंत असतात. स्लॅबच्या घरांत तशा फटी उरत नाहीत, तिथे खोकी लावावीत, आणि एकाऐवजी दोन-तीन शेजारी शेजारी लावली तरी चालतात.