पुसू नकोस, त्याला सांग

प्रिय विद्यार्थिनीस,

"बाकीच्यांचं काम शेवटी मलाच करावं लागतं, प्रोजेक्ट एकटीनं करू द्या," असं तू लिहिलंस. परवानगी मिळणार नाही. चिडू नकोस, आधी ऐक.

काल तुमच्या रिपोर्टची गूगल डॉक्समधली व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे कोणी कधी काय बदललं त्याची नोंद, उघडून बसलो. तिसरं प्रकरण तुझ्या जोडीदारानं संध्याकाळी मोबाइलवर टाइप केलं होतं. त्याच्याकडे लॅपटॉप नाही, हे तुलाही ठाऊक आहे. रात्री एकला तू ते सगळं पुसून नवं लिहिलंस. शेजारी एक कमेंट नाही. तुझं लिखाण सरस आहे, वादच नाही. पण त्यानंतर त्यानं एक ओळही लिहिलेली नाही, आणि तू मला सांगतेस की तो काम करत नाही!

अगं, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं आणि खटकलं ते त्याला सांगायचं, हेच तर एकत्र काम. लॅबमध्ये शेजारी बसून त्याच्यादेखत त्याचं पान फाडायला तुझा हात धजला नसता. ऑनलाइन चेहरा दिसत नाही, म्हणून ते एका बटणात होतं.

पण म्हणून या साधनांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं गावाकडे रेंज मिळेल तिथे बसून डॉक्समध्ये अर्धं-अर्धं पान शंका लिहायची. लायनस टोर्व्हाल्ड्सचंच बघ. तो हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता. 25 ऑगस्ट 1991 ला, 21 व्या वर्षी, आपण ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय हे त्यानं नेटवरच्या अनोळखी लोकांना सांगितलं आणि त्यांची मतं मागवली. लोक चुका दाखवत गेले, दुरुस्त्या पाठवत गेले. तो वाचत गेला. काही घेतल्या, काही साफ नाकारल्या. ती सिस्टिम म्हणजे लिनक्स; ते असं वाढलं. तू रोज वापरतेस ते गिट, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, तेही त्यानंच 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. कुठली ओळ कोणी बदलली ते त्यात दिसतं. ते वाचायसाठी आहे, कोणी किती केलं याचा हिशेब मांडायला नाही.

वाच, दुसऱ्याचं वाच! एका ग्रुपच्या रिपोर्टात दुसऱ्या प्रकरणात डेटाबेस मायएसक्यूएल होता आणि चौथ्यात मोंगोडीबी, म्हणजे वेगळाच डेटाबेस. प्रत्येकानं आपला तुकडा आणून चिकटवलेला. एक्स्टर्नलनं, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकानं, विचारेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून मॉक वायव्हात, म्हणजे सरावाच्या तोंडी परीक्षेत, मी प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारतो. सहकारी म्हणतात, पोरांना छळता. म्हणोत. नोकरीला लागलेली हुशार मुलं फोन करून सांगतात, कोड रिव्ह्यूत, म्हणजे सहकारी आपला कोड तपासतात तेव्हा, कोणी चूक काढली की रात्रभर झोप येत नाही. चार वर्षांत आम्ही त्यांना चूक ऐकून घ्यायला शिकवलं नाही, चूक नीट सांगायलाही नाही. ही सल मला आहे. तुझ्या बाबतीत ती नको, म्हणून मी हटणार नाही.

आज त्याची जुनी आवृत्ती उघड आणि पूर्ण वाच. युजरच्या गरजांचा त्याचा परिच्छेद तुझ्यापेक्षा चांगला आहे, तो परत घाल. बाकी जिथे खटकेल तिथे कमेंट टाक; 'हे चुकलंय' एवढ्यावर थांबू नकोस, का चुकलंय तेही लिही. शुक्रवारी त्याचा भाग तू समजावून सांगायचास आणि तुझा कोड त्यानं. त्याला तो समजेपर्यंत सोबत बसायची जबाबदारी तुझी.

तुझे,
सर