स्पिंडल सुरू होताच लिमिट स्विच उगाच लागतो, वायरिंग कसे असावे?
आपल्या हौशी सीएनसीत (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रात) स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, सुरू होतानाच लिमिट स्विच (अक्षाची हद्द ओळखणारा स्विच) उगाच लागण्याचा हा दोष येतो, त्याअर्थी व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलमधून पसरणारा इलेक्ट्रिकल नॉइज हेच बहुधा कारण आहे. स्पिंडलसाठी चार कोअरची (आत चार तारांची) शील्डेड, म्हणजे भोवती धातूची जाळी असलेली, केबल घेऊन तिची जाळी दोन्ही टोकांना अर्थ करावी. लिमिट स्विचच्या केबलची जाळी मात्र फक्त कंट्रोलरच्या बाजूस जोडावी आणि स्विचकडील टोक कापून त्यावर स्लीव्ह चढवावी. या दोन केबल शेजारी शेजारी मुळीच नेऊ नयेत. अक्ष टप्प्याटप्प्याने हलवणाऱ्या नेहमीच्या स्टेपर मोटरला ०.७५ चौ. मिमी मल्टिस्ट्रँड वायर पुरते. जीएक्स१६ (गोल, आट्यांनी घट्ट होणारे) कनेक्टर मला पसंत आहेत, पण वीज चालू असताना मोटरचा कनेक्टर काढल्यास तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळू शकतो. सोलापुरात शेजारी यंत्रमाग असल्यास सुताची धूळ सॉकेटात साचते, म्हणून रिकाम्या सॉकेटांना टोपी लावावीच.