शंभर रत्तल सोने आणि एक बिननावाची बाई

योआनिस लिडोस यांस,

सहाव्या शतकातील पूर्व रोमन साम्राज्याचे एक अधिकारी म्हणून राज्यातील अधिकारपदांवर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात आपण जे गाऱ्हाणे मांडले आहे, तेच मला आलेले पत्र समजून हे उत्तर लिहीत आहे. गाऱ्हाणे असे, की इ.स. ५११ मध्ये एकविसाव्या वर्षी आपण लिडियातील फिलाडेल्फिया सोडून कॉन्स्टँटिनोपलला आलात, प्रीटोरियन प्रीफेक्टच्या, म्हणजे सम्राटाच्या मुख्य कारभाऱ्याच्या, कचेरीत चाळीस वर्षे चाकरी केलीत, आणि कारकिर्दीच्या शेवटी कॉर्निक्युलेरियसचे, म्हणजे कचेरीतील वरिष्ठ कारकुनाचे, पद मिळाले तेव्हा त्या पदावरील पूर्वीच्या लोकांना मिळणारे शुल्क आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही. शिवाय कचेरीतून लॅटिन भाषा गेली, दरारा गेला, आणि सम्राट जस्टिनियनचा प्रीफेक्ट असलेल्या कॅपाडोशियाच्या योआनिसने प्रजेला नागवले, याचेही दुःख आपल्याला आहे.

हे दुःख मी नाकारत नाही, पण माझे मन आपण ओझरते लिहिलेल्या एका वाक्याशी थांबले. आपल्याच गावचे झोटिकोस प्रीफेक्ट असताना त्यांनी आपले लग्न जुळवून दिले, वधूने शंभर रत्तल सोने हुंडा आणला, आणि ती शीलाने सर्व स्त्रियांमध्ये श्रेष्ठ होती, एवढे सांगून आपण पुन्हा बढतीच्या हिशेबाकडे वळलात. तिचे नाव आपण लिहिले नाही.

आपल्याला नावे सांगण्याचा कंटाळा आहे म्हणावे, तर तसेही नाही. ज्यांच्यापाशी तत्त्वज्ञान शिकलात ते अगापिओस, नोकरीत मदत करणारे आप्त अम्मिआनोस, इतकेच काय, ज्याचा तिटकारा केलात तो कॅपाडोशियाचा योआनिसही, हे सारे नावानिशी आपल्या पानांवर आहेत. प्रीफेक्टच्या तांबड्या कमरपट्ट्याच्या एका टोकाला सोन्याची चंद्रकोर आणि दुसऱ्या टोकाला द्राक्षघोसाच्या घाटाची सोन्याची जीभ असते, हेसुद्धा आपल्या नजरेतून सुटले नाही. मग घरातले माणूस कसे सुटले?

एका रत्तलाची बहात्तर सुवर्णनाणी धरली, तर तिने ७,२०० नाणी आणली. झोटिकोसांच्या कृपेने पहिल्या वर्षी आपण जी कमाई केली आणि जिची आठवण आपण इतक्या अभिमानाने काढता, ती हजार नाण्यांची होती. म्हणजे शेवटी शुल्क हुकले म्हणून आपण इतके हळहळता, पण घर चालवण्याइतके सोने आपल्या उंबरठ्याआत कधीचेच आले होते, आणि ज्या हातांनी आले त्यांना आपण जमाखर्चात धरलेच नाही. हे वाचून मला राग आला, आणि तो मी लपवीत नाही.

झोटिकोसांची स्तुती आपण पद्यात केलीत, तेव्हा त्यांनी आपल्याला ओळीमागे एक सुवर्णनाणे देवविले. तिच्यावरील ओळीचे कुणी काही देणार नाही. तरीही बुडालेल्या शुल्काचे पान आज बाजूला सारा, कोरे पान घ्या, ती हयात असो वा नसो, आणि पहिल्या ओळीत फक्त तिचे नाव लिहा.