जनुकं तपासून औषध द्यायला लागले की आरोग्यातला भेदभाव संपेल का?

तुमचा प्रश्न असा, की ज्याच्या त्याच्या जनुकांप्रमाणे औषध मिळू लागलं, तर कोण कुठल्या वंशाचा याने फरकच पडणार नाही ना? जनुकीय तपासण्यांचे रिपोर्ट समजावून सांगणं हे माझं रोजचं काम आहे. मला तर उलट भीती वाटते, की भेदभाव वाढेल.

वॉरफरिन घ्या. रक्त पातळ ठेवणारं औषध. डोस जास्त झाला की रक्तस्राव, कमी पडला की गुठळी. जनुकं बघून हा डोस ठरवण्याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २०१३ साली तिचे निष्कर्ष आले. पहिल्या चार आठवड्यांत कृष्णवर्णीय रुग्णांचं रक्त हवं तेवढंच पातळ राहण्याचा काळ, वय-वजन वगैरे बघून डोस दिला तेव्हा ४३ टक्के होता. जनुकं बघून दिला तेव्हा ३५ टक्क्यांवर आला! तपासणीच्या यादीत सीवायपी२सी९ या, शरीरात वॉरफरिन किती वेगाने निकामी होतं हे ठरवणाऱ्या जनुकाचे दोनच बदल होते, तेही मुख्यतः युरोपीय वंशात आढळणारे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ज्या बदलांमुळे डोस कमी लागतो, ते वेगळेच. ते यादीत नसले, की रिपोर्ट म्हणतो ‘नॉर्मल’ आणि माणसाला डोस जास्त जातो.

२०१६ साली जनुकं आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांतल्या लोकांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ८१ टक्के युरोपीय वंशाचे निघाले. ज्यांचे नमुने कमी, त्यांच्या रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा जास्त, म्हणजे बदल दिसला पण तो घातक की नाही हे ठरत नाही. समोरचा विचारतो, ‘म्हणजे चांगलं की वाईट?’ त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं, आणि हे मला फार लागतं. तपासणीचा खर्च न परवडणारे तर माझ्यापर्यंत येतच नाहीत.

आणि सगळ्यांना सामील करून घेणं म्हणजे कुणावर उपकार नव्हेत. पीसीएसके९ हे जनुक बंद पाडणारे बदल काही आफ्रिकी-अमेरिकन लोकांत सापडले. त्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी, हृदयविकारही फारच कमी. त्या शोधाने २०१५ मध्ये बाजारात आलेल्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांना बळ दिलं. ती आज सगळ्याच वंशांचे लोक घेतात.

तुम्ही स्वतः तपासणी करणार असाल तर लॅबला विचारा: कोणते बदल बघता, आणि माझ्या वंशाच्या लोकांत ते आढळतात का? ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर घाबरून काही निर्णय घेऊ नका. दोनेक वर्षांनी पुन्हा चौकशी करा, कारण नमुने वाढले की हे शेरे बदलतात.