कळसूबाई उतरल्यानंतरचा रविवार

ठाणे

प्रिय तरुण मित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

दिवाळीनंतर कळसूबाईला जाण्याचा तुमच्या गटाचा बेत वाचला. शनिवारी रात्री ठाण्याहून गाडीने निघायचे, पहाटे बारी गावातून चढायला लागायचे, दुपारी उतरायचे आणि रात्री घर गाठायचे, असे तू लिहिले आहेस. चढाईविषयी मला फारसे सांगायचे नाही. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच असले तरी वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि तुम्ही सगळे धडधाकट आहात. मला सुचवायचे आहे ते एवढेच, की हा बेत एक दिवस अलीकडे ओढावा. शनिवारी पहाटेच्या कसारा लोकलने निघून पुढे जीपने घोटीमार्गे बारीला पोहोचावे, त्याच दिवशी शिखर करून गावात मुक्काम करावा आणि रविवार भंडारदऱ्याचा जलाशय, त्याच्या काठची गावे आणि तिथले जेवण यांसाठी मोकळा ठेवावा. एकही रजा लागत नाही, आणि रात्रभर जागलेल्या चालकाच्या भरवशावर कसारा घाट उतरण्याची वेळही येत नाही.

तू म्हणशील, शिखर झाले की ट्रेक संपला, मग तिथे थांबून करायचे काय? आधी शरीराचे पाहू. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला कठीण मानतो, परंतु स्नायूंना खरी झीज उतरताना सोसावी लागते. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचे दुखणे लगेच न जाणवता साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक होते. म्हणूनच उतरल्याबरोबर चार-पाच तास गाडीत गुडघे दुमडून बसलेला माणूस सोमवारी ठाणे स्थानकाचा जिना कठडा धरून उतरतो. दुसऱ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालल्याने दुखणे नाहीसे होत नाही, पण पाय मोकळे होतात आणि हालचाल सुसह्य होते. खाली आल्यावर पाणी पिताना सोबत मीठ पोटात जाईल असे काही घ्यावे. ताक मिळाले तर उत्तम, नाहीतर भाताची मीठ घातलेली पेज कोणत्याही घरी मिळते. बाटलीतल्या रंगीत पेयांवर खर्च करू नका.

रविवारी सकाळी बारीहून शेंडीला या. भंडारदऱ्याचा जलाशय ज्यामुळे झाला, ते प्रवरा नदीवरचे विल्सन धरण या गावाला लागूनच आहे. १९१० मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. ठाण्यात वाढलेल्या मुलाच्या मनात तलाव म्हटला की मासुंद्याची तलावपाळी उभी राहते: बांधलेला काठ, कठडा, बाक आणि बारा महिने जवळपास एकाच पातळीवरचे पाणी. भंडारदऱ्याचे पाणी तसे नाही. ते दाण्याच्या कणगीसारखे पावसाळ्यात भरते आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत आवर्तनांनी रिकामे होत जाते, कारण ते खालच्या प्रवरा खोऱ्यातल्या शेतीसाठी साठवलेले असते. नोव्हेंबरात जिथे पाणी झाडांच्या बुंध्यांशी लागलेले दिसेल, तिथेच मे महिन्यात भेगाळलेला गाळ दिसतो. त्याच गाळामुळे माझी एक सूचना तू आज्ञा समजून पाळावीस: या जलाशयात पोहायला उतरायचे नाही. काठ एकसारखा उतरत नाही, चिखलात पाय रुततो, दोन पावलांवर एकदम खोली लागते, आणि आदल्या दिवशी थकलेल्या पोटऱ्यांत थंड पाण्यात गोळा यायला वेळ लागत नाही. काठावर बसून पाय बुडवले तरी पुरे. साबण मात्र पिशवीतून बाहेर काढू नये.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशा गावांवरून जातो. एका दिवसात सगळे पाहण्याचा हव्यास धरलात तर रविवार पुन्हा धावपळीतच जाईल. साम्रदची सांदण दरी यादीत असेल तर ती खोडून टाक, कारण मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरत जाण्याची ती वाट म्हणजे स्वतंत्र ट्रेकच आहे आणि दुखऱ्या मांड्यांना ती मुळीच मानवणार नाही. जीप ठरवून घाटघरला थोडा वेळ थांबावे. तिथे सह्याद्रीची धार एकदम संपते आणि कड्याखाली आपल्याच ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका दिसतो. वरच्या आणि खालच्या पाण्यात तिथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प चालतो. विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रीत आहे. तुझे अभियांत्रिकीचे मित्र तिथून लवकर हलणार नाहीत, तेव्हा त्यांना घाई कर. उरलेला सगळा वेळ रतनवाडीला द्यावा. रतनगडाच्या पायथ्याच्या या गावात अमृतेश्वराचे प्राचीन, काळ्या दगडाचे, कोरीव शिवमंदिर आहे. ते घाईने पाहण्यासारखे नाही. शेजारच्या पुष्करणीच्या भिंतींतले कोनाडे आणि त्यांतल्या मूर्ती पाहिल्याशिवाय बहुतेक लोक परततात, तसे करू नका.

आता जेवणाचे सांगतो, आणि ते जरा विस्ताराने सांगावे लागेल. पायथ्याच्या गावांत अनेक घरी पाहुण्यांना जेवण मिळते. पण ती हॉटेले नाहीत. चढायला निघण्यापूर्वीच किती माणसे जेवतील हे घरच्या बाईंना सांगावे, दर विचारून घ्यावा आणि त्यात घासाघीस करू नये, कारण भाकरी एकेक करून हाताने थापली जाते आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाई त्याआधी शेतातूनही येऊन गेलेल्या असतात. पनीर किंवा नूडल्स मागणे हा मी अडाणीपणा समजतो. मागायची असेल तर नागलीची भाकरी मागावी. आपण जिला नाचणी म्हणतो तिला तिकडे नागली म्हणतात, आणि चुलीवरून थेट ताटात पडलेल्या त्या भाकरीसोबत पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी असली की दुसऱ्या भाजीची आठवण होत नाही. या खुरासणीची पिवळी शेते पावसाळा सरताना डोंगरउतारावर फुलतात. तुम्ही पोहोचाल तेव्हा एखादे उशिराचे शेत फुलावर दिसले तर चटणी कशाची खाल्ली हे मित्रांना दाखव. चहा दुधाशिवाय आला तर नाक मुरडू नये, कारण गवती चहा घातलेला कोरा चहा ही तिकडची रोजची सवय आहे आणि थंड सकाळी तोच बरा लागतो.

भाताकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. हा सगळा भाग ज्यात येतो त्या अकोले तालुक्यात काळभातासारखे सुवासिक गावठी वाण आजही पेरले जातात. संकरित बियाण्यांच्या रेट्यात असे वाण टिकले ते काही शेतकऱ्यांच्या, त्यातही बायकांच्या, हट्टामुळे. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. तेव्हा परतताना शेतकऱ्याच्या घरून पाच-सात किलो गावठी तांदूळ विकत घ्यावा. राजूरचे पेढे घ्यायचे तर जरूर घ्या, पण ते घरी दोन दिवसांत संपतील. तांदळाचे पैसे मात्र थेट त्याच हातात पडतील ज्याने तो पिकवला, आणि तुझ्या आईला रोजच्या भातात फरकही कळेल.

तुम्ही जाल तेव्हा भाताची कापणी आणि झोडपणी चालू असेल. बांधावरून एकामागे एक चालावे, उभ्या पिकात शिरू नये आणि सारवलेल्या खळ्यावर बूट घालून कधीही जाऊ नये. कामात असलेल्या बायकांचे फोटो विचारल्यावाचून काढू नयेत. मुलांना चॉकलेटे वाटण्याची शहरी सवयही तिथे नको, कारण तिच्यामुळे मुले प्रत्येक गाडीमागे धावायला शिकतात. दारू तर अजिबात नको. आंघोळीला एका बादलीवर भागवावे. तुझ्या नळाला येणाऱ्या पाण्याचा विचार केलास तर हे वेगळे सांगावे लागणार नाही. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, त्याचे पाणी ठाण्यापर्यंत पोहोचते आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर मोबाइल आत ठेवून घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावे. हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा आहे, आणि त्याचा ठाण्याशी असलेला संबंध आपल्याकडच्या फार थोड्या तरुणांना ठाऊक असतो. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. ज्या भिंतीजवळून तुम्ही रोज रिक्षाने जाता, तिचा उल्लेख तिथे कोणाच्या तरी तोंडून आला तर निदान तुम्ही अनभिज्ञ दिसू नये, म्हणून हे लिहिले.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास शेंडी सोडावे. घोटीला महामार्गावर आलात की नाशिककडून मुंबईला परतणाऱ्या गाड्यांची गर्दी लागेल, आणि कसारा घाटात ती वाढतेच. कसाऱ्याहून लोकल सुटते, त्यामुळे तांदळाच्या पिशव्या घेऊनही बसायला जागा मिळेल. कचरा मात्र कसाऱ्याच्या फलाटावर न टाकता ठाण्यापर्यंत आणावा.

किती जण येणार आणि त्यांत मांसाहार न करणारे किती, हे चार दिवस आधी कळव. बारीत माझ्या ओळखीचे एक घर आहे. मी त्यांना फोन करून ठेवीन, पण शनिवारच्या रात्रीच्या भाकऱ्यांचा आकडा तूच निश्चित करायचा आहेस.

तुझा शुभचिंतक