पुण्यातल्या सरकारी इमारतीत वीजबचतीची कामं केली तर अनुदान किंवा सवलत काय मिळते?

तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या निमसरकारी कार्यालयाच्या तीन मजली इमारतीतल्या जुन्या ट्यूब, पंखे आणि एसी बदलायचे आहेत, साहेबांनी ‘अनुदान शोधा, मग फाईल चालवू’ असं सांगितलं आहे, आणि अर्ज कुठे करायचा ते तुम्हाला हवं आहे. मी पुण्यातच एका सार्वजनिक संस्थेच्या विद्युत शाखेत सत्तावीस वर्षं काढली. ‘अनुदान मिळत असेल तर करू’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आधी जे मिळणार नाही ते सांगतो, म्हणजे त्यात वेळ जाणार नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेतले ७८ हजार रुपये घरगुती ग्राहकांसाठी आहेत. सरकारी इमारतींवर सौर पॅनेल बसवा असं तीच योजना सांगते, पण ते अनुदान तुमच्या छताला लागू नाही. पुणे महापालिका सौर, पर्जन्यजलसंचय, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते, ती निवासी मिळकतींना. आणि पंख्यामागे इतके, एसीमागे इतके असे रोख पैसे कोणी आणून देईल, या आशेवर फाईल अडवून ठेवू नका.

मग उरतं काय? एक, महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली राज्याची नेमलेली संस्था तीच, आणि मुख्यालय पुण्यातच आहे. इमारतीचं ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचं आणि चालू वर्षात शासकीय इमारतींसाठी कशाला अर्थसाहाय्य आहे ते विचारायचं, तर तिथे स्वतः जा. पत्र पाठवून वाट बघू नका. दोन, ईईएसएल, म्हणजे एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी. २००९ साली चार केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांनी मिळून ती उभी केली. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारतींत राज्यभर एलईडी, कमी विजेचे पंखे आणि एसी तिच्यामार्फत बसले. पैसे आधी ते घालतात, आपण बचतीतून फेडायचे. तीन, तुमचं स्वतःचं वीजबिल. खरी सवलत तिथे आहे, आणि कोणी ती बघत नाही. माझ्या नोकरीची शेवटची तीन वर्षं या तिसऱ्या मार्गापायी गेली, म्हणून तेच सविस्तर सांगतो.

२०१५ मध्ये मी एका रुग्णालयाची इमारत सांभाळत होतो. उच्चदाब जोडणी, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेऊ याचा वीज कंपनीशी करार, ५०० केव्हीए (केव्हीए हे त्या भाराचं माप). ती कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर मागितली होती, त्याचा कागद सापडला नाही. मागच्या दोन वर्षांची बिलं काढून बघितली, तर मीटरवर नोंदलेली सर्वांत जास्त डिमांड होती १९०, तीही मे महिन्यातली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रत्यक्ष नोंदलेली डिमांड, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च आकड्याचे (कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या मर्यादेत) ७५ टक्के आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडचे ५० टक्के, या तिन्हींत जे जास्त त्यावर आकार लागायचा. म्हणजे आम्ही सरासरी १७० वापरत होतो आणि दर महिन्याला २५० चे पैसे भरत होतो. सार्वजनिक पैसा, तोही रुग्णालयाचा.

मी तीन गोष्टी हाती घेतल्या. पहिली, ट्यूब. ४१२ जुन्या पट्ट्या होत्या, चोकसकट एकेक साधारण ५२ वॅट घेणाऱ्या. त्या जागी २० वॅटच्या एलईडी. दिवसाला बारा तास धरले तरी महिन्याला पावणेपाच हजार युनिट वाचतात. ठेकेदार सरसकट सगळ्या बदलायला निघाला होता. बालरुग्ण वॉर्डातल्या सिस्टरांनी मला थांबवलं. म्हणाल्या, “साहेब, वीज वाचवा, पण रात्री दोन वाजता तान्ह्या बाळाची नस सापडली पाहिजे.” मी उजेड मोजायचं लक्समीटर घेऊन रात्री वॉर्डात गेलो. त्यांचं बरोबर होतं, खाटांवरचा उजेड आधीही अपुराच होता. तिथे दिवे वाढवले, व्हरांड्यातले निम्मे केले, आणि तरी हिशेब तोच राहिला. जो ऊर्जा लेखापरीक्षक इमारतीत रात्री पाऊल टाकत नाही, त्याच्या अहवालावर मी आजही विश्वास ठेवत नाही.

दुसरी, कपॅसिटर. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग, कपॅसिटरनं सुधारतो. आमचा ०.९१ वर रेंगाळत होता, म्हणजे दंड नाही आणि फायदाही नाही. जुन्या कपॅसिटर बँकेतले निम्मे कपॅसिटर फुगून मेलेले होते. आमच्या वायरमनमामांनी दोन रविवार येऊन पॅनेल सरळ केलं, नवे कपॅसिटर टाकले आणि आकडा ०.९९ वर आला. त्या काळी ०.९९ ला बिलात ५ टक्के सवलत होती. तुमच्या साहेबांना हवी आहे तशी, बिलावर छापून येणारी रोकड सवलत. तर लेखा शाखेनं बिल परत पाठवलं, ‘ही उणे रक्कम कशाची, खुलासा करावा’ असा शेरा मारून. मी खुलासा केला, दरपत्रकाचं पान जोडलं, आणि त्या ये-जा करण्यात बिल भरायला उशीर होऊन विलंब आकार लागला.

तिसरी, कॉन्ट्रॅक्ट डिमांड ५०० वरून २२० वर आणली. अर्ज, करारनामा, फेऱ्या, सगळं मी स्वतः केलं.

वर्षअखेरीला वीजबिल स्पष्ट खाली आलं. मी टिपणी ठेवली की वाचलेल्या रकमेतून वॉर्डांतले ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटच्या आतले बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, बसवू, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी वाचेल. आमचे लेखाधिकारी मला म्हणाले, “बचत झाली याचा अर्थ पूर्वी उधळपट्टी चालू होती. आणि बचतीला लेखाशीर्ष नसतं.” पुढच्या वर्षीची वीजबिलाची तरतूद त्यांनी बचतीइतकी कापली. पंख्यांची टिपणी ‘तरतूद नाही’ म्हणून परत आली. ज्या शाखेनं पैसे वाचवले तिच्या हातात आधीपेक्षा कमी पैसे राहिले. शेजारच्या इमारतीत काहीच केलं नव्हतं, तिची तरतूद दहा टक्के वाढली.

त्याच उन्हाळ्यात शस्त्रक्रियागृहाला नवं वातानुकूलन बसलं. गरज होती, त्याबद्दल माझा एक शब्दही नाही. पण विद्युत शाखेला न विचारता बसलं. एप्रिल आणि मे, दोन्ही महिन्यांत डिमांड २४६ ला गेली. २२० च्या वरच्या २६ केव्हीएला दीडपट दर लागला आणि मला कारणे दाखवा नोटीस आली: आपण कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी केल्यामुळे संस्थेस दंड भरावा लागला.

तो हिशेब मी नोटिशीच्या उत्तरात मांडला होता, इथे पुन्हा मांडतो. दंडाच्या महिन्यात आकार लागला २२० अधिक २६ ची दीडपट ३९, म्हणजे २५९ केव्हीएचा. काहीच केलं नसतं तर प्रत्येक महिन्याला २५० चा लागतच होता. दंडाच्या महिन्यात नऊ केव्हीए जास्त, आणि उरलेल्या दहा महिन्यांत सरासरी १७० म्हणजे दरमहा ऐंशीनं कमी. वर्षाची बेरीज आधी ३,०००, नंतर दोन्ही दंड धरून २,२१८. बिलावर ‘दंड’ हा शब्द छापून येतो, म्हणून तो दिसतो. वर्षानुवर्षं दर महिन्याला न वापरलेल्या ऐंशी केव्हीएचे पैसे भरले, त्यावर कोणताच शब्द छापलेला नव्हता, म्हणून त्याबद्दल कोणाला नोटीस गेली नाही. माझं उत्तर त्या फाईलमध्ये लागलं. नोटीस मागे घेतल्याचं पत्र मात्र मला निवृत्तीपर्यंत मिळालं नाही आणि त्यानंतरही नाही.

म्हणून माझं ठाम मत सांगतो. अनुदान किती मिळेल हा तुमच्या साहेबांचा प्रश्नच चुकीचा आहे. वाचलेले पैसे कोणाकडे राहणार, हे आधी लिहून घ्या. प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीतच एक परिच्छेद घाला की पुढची किमान तीन वर्षं वीजबिलाची तरतूद आत्ताच्या पातळीवर राहील आणि फरक याच इमारतीच्या विद्युत देखभालीवर खर्च होईल. त्यावर लेखा शाखेची सही पहिल्या दिवशी घ्या. काम झाल्यावर ती मिळत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

ईईएसएलसारखा बचतीतून फेडीचा मार्ग मी याच कारणासाठी चांगला मानतो. लोक म्हणतात पदरचे पैसे लागत नाहीत. मला त्याहून मोठा वाटतो तो करार. हप्ता देणं असतं, त्यामुळे तरतुदीला कात्री लावता येत नाही. फक्त आधारभूत वापर, म्हणजे बचत ज्याच्याशी ताडून मोजायची तो आधीचा वापर, ठरवताना डोळे उघडे ठेवा. कोविडच्या काळातलं बंद कार्यालयाचं वर्ष, किंवा अर्धा मजला रिकामा होता ते वर्ष, आधार म्हणून धरलं तर बचत कागदावर कधी दिसणारच नाही. आणि नंतर नवा मजला वाढला, नवं यंत्र आलं तर आकडा कसा बदलायचा, तेही करारात हवं. आमच्याकडे ते असतं तर शस्त्रक्रियागृहाच्या एसीवरून मला कोणी बोट दाखवू शकलं नसतं.

सौर पॅनेल आधी आणि बचत मागून, हा क्रम मला पटत नाही. आधी वापर खाली आणा, मग उरलेल्या वापरापुरतं सौर लावा. नाहीतर ५२ वॅटच्या पट्ट्या जाळायला छतावर जास्तीचे पॅनेल विकत घेतल्यासारखं होतं. एसीचंही तसंच. २४ अंशाचे फलक लावून काही होत नाही, फिल्टर आणि कॉइल धुवायचं वार्षिक कंत्राट आहे का ते आधी बघा.

आणखी एक छोटी गोष्ट, फुकटची. महावितरणचं बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते. तुमच्याकडे बिल आवक-जावकमधून लेखा शाखेत पोचायलाच सात दिवस लागत असतील. बिल ऑनलाइन काढा आणि त्याच दिवशी मंजुरीला ठेवा. शिवाय दरश्रेणी तपासा. शासकीय शाळा आणि दवाखान्यांना सार्वजनिक सेवा हा व्यावसायिकपेक्षा कमी दर आहे. जुने मीटर व्यावसायिक दरावर तसेच चालू राहिलेले मी स्वतः दुरुस्त करून घेतले आहेत.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. डिमांडचा वरचा हिशेब उच्चदाब जोडणीचा आणि त्या वर्षांतला आहे. तुमची जोडणी लघुदाब असेल तर सूत्र वेगळं. कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा तो ५० टक्के नंतर राज्य वीज नियामक आयोगानं वाढवत नेला, म्हणजे फुगवलेली डिमांड आता आणखी महाग पडते. पॉवर फॅक्टरची ती ५ टक्के सवलत आता शोधू नका. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरूनच मोजलेल्या युनिटवर, बिल येतं. कपॅसिटरचा फायदा आजही आहे, पण तो वेगळी ओळ म्हणून दिसत नाही, युनिटच कमी येतात. साहेबांना तो दाखवायचा असेल तर आधीचे बारा आणि नंतरचे बारा महिने शेजारी ठेवून दाखवावा लागेल. आयोगाचा चालू आदेश वाचल्याशिवाय माझा कुठलाही टक्का टिपणीत घालू नका.

आणि आमच्या त्या लेखाधिकाऱ्यांबद्दलही एक. माणूस प्रामाणिक होता, एका पैशाचा डाग नव्हता. खर्च न झालेली रक्कम मार्चअखेर समर्पित, म्हणजे परत, करा, हाच नियम त्यांना शिकवलेला होता आणि तो त्यांनी पाळला. माझा वाद त्यांच्याशी होता असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण तो परिच्छेद टिपणीत आधी घालायचं मलाही सुचलं नव्हतं.

तुमच्या बिलाच्या पहिल्या पानावर कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि नोंदलेली डिमांड हे दोन आकडे असतील. मागच्या बारा महिन्यांचे दोन्ही आकडे आणि दरश्रेणी खाली लिहा. ग्राहक क्रमांक लिहू नका, त्याची गरज नाही. मी हिशेब करून सांगतो.